घरातल्या एकुलत्या एका राऊटरवर प्रयोग नको

प्रश्न : मी नागपुरात नंदनवनला राहते. छोट्या दुकानदारांचे हिशेब ठेवणं आणि त्यांचे जीएसटी रिटर्न भरणं, हे काम घरूनच करते. 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. नेट कंपनीने लावलेला एक पांढरा डबा आणि त्याला जोडलेला आमचा स्वतःचा टीपी-लिंक आर्चर सी6 राऊटर. एप्रिलपासून संध्याकाळी माझे व्हिडिओ कॉल तुटायला लागले आहेत. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणतो, राऊटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, काढून ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकतो. स्पीड दुप्पट होईल, रेंज वाढेल, जाहिराती बंद होतील. त्याचे बाबा म्हणतात, "चालत्या मशीनमध्ये बोट कशाला घालतो बे? वॉरंटी जाईल, राऊटरचा निकामी डबा होऊन बसेल, आणि हे कायद्यात तरी बसतं का?" आता दोघंही माझ्या तोंडाकडे बघत आहेत. पोराला नाही म्हणणं जिवावर येतं, पण माझं काम बंद पडून चालणार नाही. काय करू?

उत्तर :

ताई, मुलाला परवानगी द्या, पण या राऊटरवर आत्ता नाही. ज्या यंत्रावर तुमची रोजी चालते, ते घरात एकच आहे तोवर त्याला हात लावू देऊ नका. दुसरा राऊटर घरात आला की त्याने खुशाल करावं. तुमचे यजमान ज्या गोष्टींना घाबरतात त्यातल्या बहुतेक भरून निघणाऱ्या आहेत. ज्याची भीती वाटायला हवी ती गोष्ट तुमच्या पत्रात कुणीच बोललेलं नाही. तिच्याकडे येतोच.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघू. तुमच्या पत्रात एक शब्द मला खटकला : एप्रिलपासून. नागपुरात एप्रिलमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कूलर निघतो, खिडकीत बसतो, आणि त्याच्यासाठी टेबल, टीव्ही, सोफा सगळं इकडचं तिकडे होतं. राऊटर कूलरच्या मागे किंवा बाजूला गेला असेल, तर पत्र्याचं शरीर आणि आत भरलेलं पाणी, वाय-फायला अडवणाऱ्या दोन्ही वस्तू एकाच जागी आल्या. तसं असेल तर फर्मवेअर कुठलंही टाका, रेंज तिथेच मरणार. राऊटर उंचावर, मोकळ्या जागी, तुमच्या कामाच्या खोलीच्या जमेल तितका जवळ आणा. लॅपटॉप त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झच्या वाय-फायच्या नावाला जोडा, कारण 2.4 गिगाहर्ट्झवर सगळ्या शेजाऱ्यांची गर्दी असते. दोन भिंतींपलीकडे मात्र 2.4च जास्त पोचतं.

तेवढ्याने भागलं नाही, तर संध्याकाळी कॉल तुटतो त्याच वेळी लॅपटॉपला थेट कंपनीच्या पांढऱ्या डब्यातून केबल लावून बघा. घरातल्या बाकी सगळ्यांचं नेट त्या वेळी बंद ठेवायचं. तरीही कॉल तुटला, तर भानगड तुमच्या घरात नाहीच. रात्री आठ ते दहा सगळी कॉलनी नेटवर असते आणि पुरवठादाराची मागची लाईन अपुरी पडते. अशा वेळी भांडण राऊटरशी घालायचं नसतं, नेटवाल्याशी घालायचं असतं. आणि केबलवर कॉल अगदी साफ चालला, तर दोन शक्यता उरतात. एक वाय-फायची, जी वर सांगितली. दुसरी जरा मजेची आहे, कारण तिथे तुमचा मुलगा बरोबर आहे, फक्त त्याला स्वतःला ते माहीत नसावं.

यजमान घरी आले की त्यांच्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढायला लागतात, त्याच वेळी मुलाचा एखादा गेम अपडेट होत असतो. राऊटर आणि कंपनीचा डबा ही सगळी पॅकेटं, म्हणजे माहितीचे तुकडे, एका लांब रांगेत उभी करतात. तुमच्या कॉलचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला. स्पीड कमी झालेला नसतो, उशीर वाढलेला असतो. याला बफरब्लोट म्हणतात. तपासायला सोपं आहे : लॅपटॉपवर पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. 10-15 मिलिसेकंदाचं पिंग तीनशे-चारशेवर उडालं, तर दुखणं हेच. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये यावर खरंच चांगला इलाज आहे. एसक्यूएम नावाची सोय आणि तिच्यातला 'केक' हा रांग लावणारा प्रकार लहान पॅकेटांना वाट करून देतो. कॉल चालू असताना घरात कुणी काहीही उतरवो, आवाज तुटत नाही.

पण गंमत बघा. एसक्यूएम चालण्यासाठी त्याला लाईनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा द्यावा लागतो, 100च्या लाईनला साधारण 90. म्हणजे मुलाने दुप्पट स्पीडचं वचन दिलंय, आणि नीट काम केलं तर स्पीड टेस्टमध्ये आकडा खाली आलेला दिसेल. शिवाय हे काम राऊटरच्या प्रोसेसरला स्वतः करावं लागतं, कारण मूळ फर्मवेअर वापरतं तो हार्डवेअरचा जवळचा रस्ता इथे चालत नाही. 100च्या कनेक्शनला तुमचा सी6 हे झेपवेल. पुढे कधी 300 किंवा 500 एमबीपीएसचा प्लॅन घेतलात, तर या जातीचा राऊटर एसक्यूएम लावून धापा टाकेल. आणि संध्याकाळी तुमच्या लाईनचा वेगच 100वरून 40वर येत असेल, तर 90चा आकडा लावून उपयोग शून्य.

उरलेल्या दोन वचनांचं झटक्यात सांगतो. जाहिराती : डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याच्या, पातळीवर अडवणाऱ्या सोयी आहेत आणि वेबसाइटवरच्या, ॲपमधल्या बऱ्याच जाहिराती त्या खरोखर गाळतात. यूट्यूबच्या जाहिराती मात्र व्हिडिओ येतो त्याच सर्व्हरवरून येतात, त्या अशाने जात नाहीत. उलट कधी एखादं बँकेचं किंवा खरेदीचं पान अर्धंच उघडेल आणि तुम्ही तासभर डोकं धरून बसाल. रेंज : वाढत नाही. राऊटरची ताकद वाढवली तरी फोनची तेवढीच राहते. राऊटरचा आवाज तुमच्यापर्यंत आला, तुमच्या फोनचा त्याच्यापर्यंत गेला नाही, तर फोनवर कांड्या पूर्ण दिसतात आणि नेट चालत नाही.

आता कायद्याचं, कारण ते या ताकदीशीच जोडलेलं आहे. तुम्ही विकत घेतलेल्या राऊटरमध्ये मोफत, खुल्या परवान्याचं सॉफ्टवेअर टाकणं यात चोरीचं काही नाही. ही परंपरा सुरू झाली तीच मुळी परवान्यातून. 2002च्या शेवटी लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी54जी बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स आहे हे जाणकारांनी ओळखलं आणि जीपीएल या खुल्या परवान्याच्या अटीनुसार कंपनीला 2003मध्ये सोर्स कोड खुला करावा लागला. त्या कोडवर 2004मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. आजही ते लिनक्सच आहे, फक्त राऊटरच्या मापाचं.

नियम आहेत ते रेडिओ लहरींचे. भारतात 2.4 गिगाहर्ट्झ आणि 2018पासून 5 गिगाहर्ट्झचे मोठे पट्टे विनापरवाना वापरता येतात, पण ठरलेल्या ताकदीच्या आत. 5 गिगाहर्ट्झच्या मधल्या पट्ट्यात रडारही बोलतात. हवामान खात्याची काही रडारं 5.6 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणून रडार ऐकू आलं की राऊटरने गुपचूप ते चॅनल सोडायचं असतं. जास्त ताकद मिळावी म्हणून काही पोरं राऊटरच्या सेटिंगमधल्या देशाच्या यादीत भलताच देश निवडतात. ते चूक आहे. अमेरिकेत 2016मध्ये टीपी-लिंकला याच प्रकरणात 2 लाख डॉलर भरावे लागले होते : देशाचा कोड बदलून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ताकदीवर चालवता येतील असे राऊटर त्यांनी विकले होते. गंमत म्हणजे त्याच तडजोडीत बाहेरचं फर्मवेअर चालू देण्याच्या वाटा शोधण्याचंही कंपनीने कबूल केलं. तेव्हा मुलाला एवढंच सांगा, देश 'भारत'च राहील. वॉरंटीबद्दल यजमान बरोबर आहेत, कंपनी हात वर करू शकते. राऊटरची मुदत संपली असेल तर तो मुद्दाच उरत नाही. बिल काढून बघा.

फर्मवेअर बदलण्याचं खरं, वजनदार कारण स्पीड नाही, रेंज नाही. ते आहे बंद पडलेले अपडेट. राऊटर म्हणजे इंटरनेटकडे तोंड करून चोवीस तास उघडा बसलेला छोटा संगणक. कंपनी दोन-चार वर्षं त्याची छिद्रं बुजवते आणि मग नव्या मॉडेलकडे वळते. 2018च्या मे महिन्यात व्हीपीएनफिल्टर नावाचं घातक सॉफ्टवेअर उघड झालं. 54 देशांमधली किमान 5 लाख उपकरणं बाधित होती, त्यात बहुतेक घरातले आणि छोट्या कार्यालयांतले राऊटर, आणि एफबीआयला लोकांना सांगावं लागलं की आपापला राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. 2023मध्ये टीपी-लिंकच्याच आर्चर एएक्स21 या मॉडेलमधल्या एका छिद्रातून मिराई जातीच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या टोळीने, शिरकाव केला. कंपनीने दुरुस्ती आधीच काढली होती. लोकांनी ती टाकलीच नव्हती. आपल्याकडे राऊटर एकदा भिंतीवर चढला की खाली उतरतो तो थेट जळल्यावर.

तुमच्याकडे अशिलांची कागदपत्रं, पॅन, बँकेचे उतारे, पोर्टलचे पासवर्ड असतात. तेव्हा आज रात्रीच एक काम करा. टीपी-लिंकच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं डाउनलोडचं पान उघडा आणि शेवटच्या फर्मवेअरची तारीख बघा. अलीकडची असेल तर तेच टाका, आणि फर्मवेअर बदलण्याची घाई सोडा. तारीख तीन-चार वर्षं जुनी असेल, तर तुमचा मुलगा चुकीची कारणं देऊन योग्य गोष्ट मागतो आहे.

मॉडेल बघताना राऊटर उलटा करा आणि तळाच्या स्टिकरवरचा 'व्हर्जन' वाचा. सगळ्यात जास्त राऊटर इथेच मरतात. आर्चर सी6 हे नाव एक, पण दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे आणि तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची. एकीचं फर्मवेअर दुसरीला चालत नाही. दुसऱ्या आवृत्तीत तर अमेरिकेची आणि युरोपची फाइलसुद्धा वेगळी. ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर हार्डवेअरची यादी आहे. तिच्यात मॉडेल, आवृत्ती, प्रांत अक्षरन् अक्षर जुळलं तरच पुढे जायचं. 'जवळपास तसंच आहे' हे वाक्य या कामात चालत नाही. आणि फाइल फक्त त्यांच्याच साइटवरून घ्यायची, तिथे दिलेला एसएचए-256चा आकडा (फाइल अस्सल आहे का ते तपासायचा) ताडून. व्हिडिओखाली कुणी दिलेल्या ड्राइव्हच्या लिंकवरून घेतलेलं फर्मवेअर म्हणजे अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन वर चहा पाजणं.

मग सरावाला काय? घराघरात माळ्यावर टाकलेला दोन अँटेनांचा पांढरा टीएल-डब्ल्यूआर841एन तुमच्याकडेही निघेल. त्याच्या बहुतेक आवृत्त्यांत 4 एमबी फ्लॅश आणि 32 एमबी रॅम आहे. एवढ्याशा जागेत नवं ओपनडब्ल्यूआरटी मावत नाही. अशा राऊटरांचा आधार 19.07 या मालिकेसोबत संपला. त्यामुळे तो नेटला जोडण्यासाठी निकामी, पण हात बसवायला उत्तम. मुलाला सांगा, याच्यावर जुनी आवृत्ती टाक, मग तो मुद्दाम बिघडव आणि परत उठवून दाखव. अनेक टीपी-लिंक राऊटर रिसेट दाबून चालू केले की 192.168.0.66 या पत्त्यावर टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने फाइल मागतात. लॅपटॉपला तो पत्ता द्यायचा, मूळ फर्मवेअर ठरलेल्या नावाने तिथे ठेवायचं, केबल लावायची, की राऊटर स्वतःहून ते उचलतो. ज्याने हे एकदा करून पाहिलंय त्याच्या हातून राऊटरचा कायमचा डबा सहसा होत नाही. ज्याने नाही केलं, तो घाबरून अर्ध्यातच प्लग काढतो, आणि तेव्हा खरंच होतो. त्यानंतर उरते ती राऊटर उघडून आतल्या पिनांना तारा जोडण्याची पद्धत. तिथे 3.3 व्होल्ट लागतात. 5 व्होल्टची वायर लावली की चिपच जाते.

राऊटरमध्ये फर्मवेअर लिहिणं चालू असताना वीज गेली तर? हा नागपूरचा धोका आहे, आणि मे-जूनच्या वादळी संध्याकाळी तर विचारूच नका. ही दोन-तीन मिनिटं राऊटर यूपीएसवर हवा. आर्चर सी6 12 व्होल्टवर चालतो. राऊटरचे मिनी यूपीएस बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळतात आणि तुमच्या कामाला तो एरवीही हवाच आहे. लॅपटॉपही बॅटरीवर, आणि जोडणी केबलने. वाय-फायवरून फ्लॅश करायचं, म्हणजे फर्मवेअर टाकायचं, नाही. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना केबलचं भोक नसतं, म्हणून यूएसबी-लॅन ॲडॉप्टर आधी आणून ठेवा. एक सूचना विशेष महत्त्वाची : ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर बहुतेक राऊटरवर वाय-फाय बंदच असतं आणि रूटला, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याला, पासवर्ड नसतो. पहिल्यांदा टाकणाऱ्याला वाटतं राऊटर मेला. तो जिवंत असतो, केबल लावून 192.168.1.1 उघडायचं, पासवर्ड ठेवायचा, मग वाय-फाय चालू करायचं. पण आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांच्या डब्यांचा पत्ताही 192.168.1.1च असतो. दोघांचा पत्ता एक झाला की नेट येत नाही आणि दोष फर्मवेअरला मिळतो. तुमच्या राऊटरला 192.168.2.1 द्या, काम झालं.

कंपनीच्या त्या पांढऱ्या डब्याला मात्र हात लावायचा नाही. तो तुमचा नाही, त्याचं नियंत्रण कंपनीकडून दुरूनच होतं, आणि त्याच्या सेटिंगवर तुमची लाईन टिकून आहे. फ्लॅश करण्याआधी सध्याच्या राऊटरच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीच्या लॉगिनचं, नाव आणि पासवर्ड राऊटरमध्ये भरलेलं असेल तर ते, व्हीलॅन क्रमांक (कंपनीने लाईनसाठी दिलेला) असेल तर तो, आणि वॅनचा, म्हणजे नेट येतं त्या बाजूचा, मॅक पत्ता (यंत्राचा ओळख क्रमांक). काही स्थानिक नेटवाले मॅक पत्ता बांधून ठेवतात; राऊटर बदलला की नेट बंद, आणि रविवारी त्यांचा माणूस फोन उचलत नाही.

आता ती न बोललेली गोष्ट. ओपनडब्ल्यूआरटी स्वतःहून अपडेट होत नाही. नवी मालिका आली की जुनीला साधारण सहा महिने दुरुस्त्या मिळतात, मग नाही. कुणीतरी लक्ष ठेवून नवी फाइल टाकावी लागते, आणि तीही पूर्ण. सुटी पॅकेजं एकेक करून वर चढवली की राऊटरची इवलीशी जागा भरते आणि तो एके दिवशी उठतच नाही. आज हे 'कुणीतरी' म्हणजे तुमचा मुलगा. दोन वर्षांनी तो पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला जाईल. इथेच नागपुरात मिहानमध्ये लागला तरी रात्री घरी येऊन राऊटर बघेल याची खात्री मी देणार नाही. तेव्हा घरात असा राऊटर उरेल ज्याची स्क्रीन तुम्ही कधी उघडलेली नाही, ज्याच्याबद्दल नेटवाल्याचा माणूस "हे आपल्याला जमत नाही मॅडम" म्हणून मोकळा होईल, आणि ज्याचं फर्मवेअर दोन मालिका मागे पडलेलं असेल. कंपनीने सोडून दिलेल्या राऊटरमध्ये आणि पोराने सोडून दिलेल्या राऊटरमध्ये फरक काय उरला मग? मला याची भीती जास्त वाटते, डबा होण्याची नाही. डबा झाला तर निदान कळतं तरी.

म्हणून परवानगी देताना अट घाला, आणि ती लेखी असू द्या, आई-मुलात चालतं तसलं. दुसरा राऊटर दोन-तीन हजारांत येतो, तो हार्डवेअरच्या यादीत आवृत्ती जुळवून घ्यायचा. दुकानदाराला खोका उघडून स्टिकर दाखवायला सांगायचं, खोक्यावरच्या चित्रावर जायचं नाही. त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी बसलं, एसक्यूएम लागलं, महिनाभर तुमचे कॉल सरळ चालले, की सी6 मूळ फर्मवेअरसकट कपाटात जाईल. नेट अडलं तर केबल बदलायला तुम्हाला दोन मिनिटं लागली पाहिजेत, मुलगा घरी नसताना. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्या डायरीत. नव्या राऊटरच्या तळाला कागद चिकटवा : कोणती आवृत्ती, कधी टाकली. दर तीन महिन्यांनी त्याने तुमच्यासमोर बसून अपडेट तपासायचा. एकदा तुम्ही करायचा, त्याने फक्त बघायचं. घर सोडून जायच्या वेळी मूळ फर्मवेअर परत टाकायचं की तुम्ही सांभाळणार, ते तेव्हा ठरवा. दुसरा राऊटर घ्यायची तयारी नसेल तर ओपनडब्ल्यूआरटीचा विषय सोडा. सी6च्या मूळ सेटिंगमध्ये क्यूओएस नावाचा पर्याय दिसला तर तो लावून बघा. 'केक'इतका तरबेज नसतो, पण काही घरांत तेवढ्याने भागतं.

आणि दिवस तुम्ही निवडा, त्याने नाही. 11 तारखेला जीएसटीआर-1 या रिटर्नची मुदत, 20ला 3बीची. या दोन्हींच्या आसपास घरात कुणी पेचकस उचलायचा नाही. 21नंतरचा रविवार, सकाळची वेळ, फोनमध्ये हॉटस्पॉटपुरता डेटा शिल्लक. तोवर कूलरची जागा बदलून बघा आणि काय झालं ते कळवा.